राजाने दिलेलं आंदण

हजार टाचण्या, शंभर सुया, पांढरा दोरा, एक कंगवा, एक कात्री, दोन सुऱ्या, मोज्यांचा एक जोड, हातमोज्यांचा एक जोड, एक टोपी, डोकं झाकायचं एक वस्त्र, टाफेटाचा एक हातरुमाल, बुटांच्या फिती, लेसच्या चार पट्ट्या आणि दोन लिव्र रोख. एवढा ऐवज एका लहानशा पेटीत भरून फ्रान्सच्या सरकारी खजिन्याने सतराव्या शतकात शेकडो मुलींच्या हाती दिला आणि त्यांना जहाजावर चढवलं. जहाज कॅनडाला जाणार होतं. तिथे उतरून त्यांनी लग्न करायचं होतं. कुणाशी, ते निघताना कुणालाच माहीत नव्हतं.

माझ्या आजीने सासरी आणलेली पत्र्याची पेटी आमच्या माळ्यावर बरीच वर्षं होती. दोन लुगडी, फणी, सुईदोरा, कुंकवाचा करंडा आणि एक पितळी तांब्या, एवढंच त्यातून आलं होतं, असं ती सांगायची. त्या पेटीमुळेच ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी तिच्यापाशी थबकले. फरक एवढाच की आजीचं माहेर सहा कोसांवर होतं. नागपंचमीला भाऊ न्यायला यायचा, पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी गेली. या मुलींचं माहेर मात्र दोन-तीन महिन्यांच्या समुद्रापलीकडे राहिलं, आणि बहुतेकींच्या बाबतीत ते मुळात उरलंच नव्हतं. या पुस्तकाची सुरुवात त्या पेटीपाशी झाली. सगळं पुस्तक एकाच प्रश्नाभोवती फिरतं : त्या का गेल्या?

आधी प्रसंग काय होता ते सांगते. उत्तर अमेरिकेत सेंट लॉरेन्स नदीच्या काठाने फ्रेंचांनी वसवलेली वसाहत, 'नवा फ्रान्स', १६६३ पर्यंत एका व्यापारी कंपनीच्या हातात होती. त्या साली चौदाव्या लुईने ती स्वतःच्या अखत्यारीत घेतली. तेव्हा तिथे सगळी मिळून तीन हजारांच्या आसपास माणसं होती. कंपनीला रस होता तो बीव्हर या प्राण्याच्या कातडीत आणि तिच्या व्यापाराला शेतकरी नको होते, म्हणून वस्ती वाढवण्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नव्हतं. फ्रान्समधून पुरुष यायचे ते तीन वर्षांच्या बोलीवर, मजुरीला. मुदत संपली की पुष्कळजण परत जायचे. १६६५ मध्ये आलेला प्रशासक जाँ तालों याने पहिल्यांदा घरोघरची शिरगणती केली. १६६६ च्या त्या नोंदीत ३,२१५ माणसं भरली : २,०३४ पुरुष आणि १,१८१ बायका. त्यात लहान मुली आणि लग्न झालेल्या बायकाही आल्या. त्या वजा केल्या तर लग्नाचं वय झालेल्या पुरुषांपुढे लग्नाच्या मुली अगदी मूठभर राहत. त्याच सुमाराला कारिन्यां-सालिएर पलटणीचे सुमारे १,२०० सैनिक वसाहतीच्या रक्षणासाठी आले. पलटण परत बोलावली तेव्हा त्यांतले चारेकशे तिथेच राहिले. सरकारला त्यांना शेतीत बसवायचं होतं, आणि बिनबायकोचा माणूस जमिनीला चिकटून राहत नाही हे तालोंला दिसत होतं. तो जंगलात निघून जायचा, कातडी गोळा करायचा, वर्षानुवर्षं परतायचा नाही.

म्हणून लुईचा मंत्री कोल्बेअर याने मुली पाठवायचं ठरवलं. पहिल्या वर्षी ३६ गेल्या. १६७३ मध्ये हे थांबलं तोवर सुमारे ७७० जणी गेल्या होत्या. पुढे त्यांना नाव पडलं 'राजाच्या लेकी'. मॉन्ट्रियलमध्ये त्यांना आसरा देणाऱ्या मार्गरीत बूर्झ्वा यांच्या आठवणींत ते पहिल्यांदा आढळतं. ज्या पोरांना सरकार पोसायचं त्यांना फ्रान्समध्ये 'राजाची मुलं' म्हणायची पद्धत होती, त्याच चालीवरचं हे नाव. राजघराण्याशी त्याचा काही संबंध नाही. बापाच्या जागी राजा उभा राहिला आणि त्याने मुलगी उजवली, एवढाच त्याचा अर्थ.

'त्या का गेल्या' या प्रश्नाची दोन तयार उत्तरं इतिहासात फार काळ वावरत होती आणि दोन्हींनी या बायकांवर अन्याय केला. पहिलं उत्तर कुचाळकीचं. लाओंताँ नावाच्या एका सरदाराने १७०३ मध्ये प्रवासवर्णन छापलं. त्यात त्याने लिहिलं की या बदफैली पोरी जहाजं भरभरून आल्या आणि कसाई मेंढ्या निवडतो तशा वसाहतीतल्या पुरुषांनी त्या निवडून नेल्या. लाओंताँ कॅनडात पोचला १६८३ मध्ये, म्हणजे शेवटचं जहाज येऊन गेल्याला दहा वर्षं झाल्यावर. त्याने यातलं काहीही डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. तरी त्याचं लिखाण खपलं, युरोपभर वाचलं गेलं आणि पुढची अडीचशे वर्षं या बायकांच्या पणत्या-खापरपणत्यांना ते ऐकून घ्यावं लागलं. बाई एकटी घराबाहेर पडली की तिच्या चारित्र्याबद्दल आधी बोलायचं, ही खोड आपल्याला काही नवी नाही.

दुसरं उत्तर गोड आहे. त्या धर्मशील होत्या, आज्ञाधारक होत्या, राजाने सांगितलं आणि देशासाठी त्या गेल्या. क्वेबेकच्या जुन्या शाळापुस्तकी इतिहासाने लाओंताँला उत्तर द्यायचं म्हणून हे चित्र उभं केलं. त्यातली मुलगी स्वच्छ आहे, पण ती विचार करत नाही. तिला भूक लागत नाही, ती हिशेब करत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संशोधकांनी चर्चच्या वह्या, नोटरींचे करार आणि जहाजांच्या नोंदी ताडून एकेका बाईचं आयुष्य जुळवलं. त्यात ईव्ह लाँद्री यांचं १९९२ चं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. त्यांच्या पुस्तकाच्या नावातच सगळं आलं आहे : फ्रान्समध्ये पोरक्या, कॅनडात पायोनियर.

पोरक्या हा शब्द अक्षरशः खरा आहे. जवळपास दोन तृतीयांश मुलींचे वडील त्या वयात येण्याआधीच वारले होते. त्या काळातल्या फ्रान्समध्ये बाप गेला म्हणजे मुलीचा हुंडा गेला. इथे मराठी वाचकाला फार समजावून सांगावं लागणार नाही. हुंडा ही आपलीच जुनी जखम आहे, फक्त त्यांच्याकडे तिचा कारभार थोडा वेगळा होता. गरीब घरची मुलगी बारा-चौदाव्या वर्षी दुसऱ्याच्या घरी कामाला राहायची आणि दहा-बारा वर्षं पै-पैसा साठवायची. पंचविशीच्या आसपास दोन चादरी, एखादं भांडं नि थोडी रोख जमली की तिचं लग्न व्हायचं. दुष्काळ पडला, आजारपण आलं, मालकाने पगार बुडवला की हा हिशेब कोसळायचा. मठात जाऊन जोगीण व्हावं म्हटलं तर मठही हुंडा मागायचा. म्हणजे देवाच्या दारातही रिकाम्या हाताने प्रवेश नव्हता. मग उरायचं काय? आयुष्यभराची मोलकरीण, नाहीतर साल्पेत्रिएर.

साल्पेत्रिएर म्हणजे पॅरिसचा बायकांचा भला मोठा आश्रम. जागा आधी तोफांच्या दारूचा कारखाना होती, त्यातल्या सोऱ्यावरून हे नाव राहिलं. १६५६ च्या राजाज्ञेने पॅरिसमधल्या भिकाऱ्यांना, निराधारांना, वेड लागलेल्यांना, म्हाताऱ्यांना आणि अनाथांना कोंडून ठेवणारी एक व्यवस्था सुरू झाली, तिच्यातला बायकांचा भाग तो हा. तिथे शिवण शिकवत, प्रार्थना शिकवत आणि दार बंद ठेवत. कॅनडाला गेलेल्या मुलींपैकी सुमारे एक तृतीयांश इथून गेल्या. 'राजी आहेस का' असं त्यांना विचारल्याच्या नोंदी आपल्याकडे नाहीत, आणि आतल्या मुलीने 'नाही' म्हटलं असतं तर काय झालं असतं याची कल्पना करता येते. म्हणून सगळ्या जणी स्वखुशीने गेल्या असं मी या पुस्तकात कुठेही म्हटलेलं नाही. पण उरलेल्या दोन तृतीयांश मुली पॅरिसच्या वस्त्यांतून, नॉर्मंडीतून, पश्चिमेकडच्या बंदरांजवळच्या भागांतून आल्या. त्यांच्यापुढे निदान दोन वाटा होत्या आणि त्यांनी लांबची निवडली.

सरकार एका मुलीवर साधारण १०० लिव्र खर्च करायचं : १० तिला शोधून आणण्याचे, ३० कपड्यांचे, ६० जहाजाचे. शिवाय लग्न ठरलं की राजाकडून आंदण : साध्या मुलीला ५० लिव्र, खानदानी मुलीला १००. कॅनडात करारावर आलेल्या गड्याला वर्षाला ६०-७५ लिव्र मिळत, यावरून या ५० लिव्रची किंमत समजावी. हे पैसेही सगळ्यांना मिळाले नाहीत. कितीतरी करारांत राजाच्या देणगीचा उल्लेखच सापडत नाही. पण फ्रान्समध्ये जी रक्कम साठवायला मुलीची सगळी तरुण वर्षं जात, ती इथे निदान कबूल तरी केली जात होती. मुलींच्या निर्णयात या गोष्टीचा वाटा मोठा होता, हे मी ठामपणे म्हणते.

प्रवास वाईट होता. दिएप किंवा ला रोशेल बंदरातून निघालेलं जहाज दोन-तीन महिन्यांनी पोचायचं. खाली अंधाऱ्या डेकवर गुरं, पिंपं, मजूर आणि मुली. खारवलेलं मांस, बिस्किटं, शिळं पाणी. वाटेत माणसं मरत आणि समुद्रात सोडली जात. १६६७ मध्ये आलेल्या काही मुलींनी ला रोशेलमध्ये आणि जहाजावर झालेल्या आबाळीबद्दल तालोंकडे तक्रार केली, आणि ती त्याने वरिष्ठांना कळवली. मला ही नोंद फार महत्त्वाची वाटते. ज्यांना गप्प बसायची सवय लावली होती त्या मुली किनाऱ्यावर उतरल्या आणि पहिल्यांदा त्यांनी काय केलं, तर तक्रार.

क्वेबेकला जहाज लागलं की बहुतेक मुली तिथेच राहत, बाकीच्या होडीतून नदीने वर त्र्वा-रिव्हिएर आणि मॉन्ट्रियलकडे जात. मॉन्ट्रियलला त्यांना उतरवून घ्यायला किनाऱ्यावर मार्गरीत बूर्झ्वा असायच्या. १६५३ मध्ये शिक्षिका म्हणून त्या या वसाहतीत आल्या. १६५८ मध्ये त्यांनी एका रिकाम्या गोठ्यात शाळा उघडली, कारण तेवढीच इमारत मिळाली. त्या राजाच्या लेकींना स्वतःच्या घरी ठेवायच्या, त्यांच्याबरोबर राहायच्या, चुलीवर पाव कसा भाजायचा, बर्फ पडायच्या आत काय काय साठवायचं, कुठल्या कपड्याला कसलं अस्तर लावायचं हे शिकवायच्या. पॅरिसच्या मुलीला यातलं काही ठाऊक नसे. उर्सुलाइन मठातल्या मारी द लँकार्नासियों यांनी तर एका पत्रात लिहून टाकलं की यापुढे पुरुषांसारखं काम करू शकतील अशा खेड्यातल्याच मुली मागवाव्यात, शहरातल्या नकोत. तरी शहरातल्या येतच राहिल्या आणि शिकल्याही.

आता नवरा निवडण्याचा प्रसंग पाहू. एका बाजूला मुली बसल्या आहेत, शेजारी देखरेखीला एखादी पोक्त बाई. दुसऱ्या बाजूने पुरुष येतात. आपल्याकडे पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीला नाव, शिक्षण, स्वयंपाक विचारतात. इथे प्रश्न मुली विचारत. पहिला प्रश्न असा : तुझं घर आहे का? मारी द लँकार्नासियों यांच्या पत्रांत हे नोंदलेलं आहे, आणि त्यांनी कारणही दिलं आहे. ज्यांनी हे न विचारता लग्न केलं त्यांना पहिले हिवाळे फार सोसावे लागले. घर म्हणजे काय, तर ओंडक्यांची एक खोली, धुराडं, आणि नदीपासून जंगलाकडे जाणाऱ्या लांबट पट्ट्यात झाडं तोडून मोकळी केलेली दोन-तीन बिघे जमीन. ज्याने अजून झाडंच तोडलेली नाहीत त्याच्याकडे जाणं म्हणजे उणे वीस अंशांत झोपडीशिवाय राहणं. प्रश्न अगदी व्यवहाराचा होता आणि मुलगी तो थेट पुरुषाच्या तोंडावर विचारत होती. फ्रान्समध्ये तिच्यासारख्या मुलीला कुणाला काही विचारायची मुभा कधी मिळाली असती?

पसंत पडलं की नोटरीपुढे करार व्हायचा. राजाचं आंदण, मुलीचा ऐवज, पुरुषाची जमीन, तो मेला तर तिला काय मिळेल, सगळं त्यात लिहिलं जायचं. चर्चमधलं लग्न त्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी. मधल्या काळात मुलगी मन बदलू शकत होती. अशा वेळी दोघं पुन्हा नोटरीकडे जात आणि त्याच कागदाच्या खाली किंवा समासात करार रद्द झाल्याची नोंद होई. असे मोडलेले करार थोडेथोडके नाहीत. काही मुलींनी दोन करार मोडून तिसऱ्या माणसाशी लग्न केलं. आपल्याकडे साखरपुडा मोडला तर मुलीच्या नावाला डाग लागतो, हे आजही आपण पाहतो. सतराव्या शतकातल्या या अनाथ, निरक्षर मुली मात्र नोटरीपुढे उभ्या राहून सांगत होत्या : हा नको. आणि पुढच्या महिन्यात त्यांना दुसरं स्थळ मिळत होतं. कारण साधं आहे. बायका कमी होत्या. त्या कमतरतेने त्यांना जे बळ दिलं ते कुठल्या राजाने किंवा धर्मगुरूने दिलेलं नव्हतं, आणि ते त्यांनी वापरलं.

कायदाही थोडा त्यांच्या बाजूने होता. १६६४ पासून वसाहतीत पॅरिसचा दिवाणी कायदा लागू झाला. नवरा-बायकोने लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता त्यात दोघांची समाईक धरली जात असे. विधवेला तिच्यात वाटा होता, शिवाय नवऱ्याच्या मालमत्तेतून उपजीविकेचा हक्क. नवरा हयात असताना सगळा कारभार त्याच्याच हाती असे, हेही सांगितलं पाहिजे. पण झाडाखाली दबून, नदीत बुडून किंवा लढाईत नवरा गेला, तर बाई उघड्यावर पडत नसे. अनेकींनी पुन्हा लग्न केलं, काहींनी तिसऱ्यांदाही. आपल्याकडे विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला, आणि त्यानंतरही पुण्यात असं लग्न करणाऱ्यांना काय सोसावं लागलं ते मराठी वाचकाला ठाऊक आहे.

या सगळ्याला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून हे पुस्तक लिहिता आलं नसतं. 'नाही' म्हणण्याचा हक्क एका माणसापुरता होता. लग्नालाच 'नाही' म्हणायची सोय जवळजवळ नव्हती. सरकारला मुलं हवी होती. १६७० च्या फर्मानाने दहा हयात मुलं असलेल्या बापाला वर्षाला ३०० लिव्र आणि बारा असलेल्याला ४०० लिव्र पेन्शन ठरली. विशीच्या आत लग्न करणाऱ्या मुलाला आणि सोळाच्या आत करणाऱ्या मुलीला २० लिव्रचं बक्षीस. त्या वयापर्यंत पोरांची लग्नं न लावणाऱ्या बापाला दंड. जहाज आल्यापासून पंधरा दिवसांत लग्न न करणाऱ्या ब्रह्मचाऱ्याला शिकार, मासेमारी आणि कातड्यांचा व्यापार बंद. पेन्शन बापाच्या नावाने होती. दहा बाळंतपणं मात्र आईची. १६७१ मध्ये तालोंने राजाला कळवलं की या वर्षी सहाशे-सातशे मुलं जन्मली. त्याच्या अहवालात हा आकडा अभिमानाने येतो, त्यामागे बाळंतिणीच्या खोल्या आहेत आणि तिथे गेलेल्या बायकाही आहेत.

आणखी एक गोष्ट मला लिहितानाही जड गेली. ज्या जमिनीवर ही ओंडक्यांची खोपटं उभी राहिली ती रिकामी नव्हती. इन्नू, वेन्डाट, आल्गोन्किन आणि हॉडेनोशॉनी या लोकांची ती भूमी होती. मोहॉकांची गावं आणि त्यांची मक्याची साठवण जाळायला गेलेली १६६६ ची फ्रेंच मोहीम कारिन्यां-सालिएर पलटणीच्याच सैनिकांनी केली आणि पुढे त्या सैनिकांपैकीच काहींशी या मुलींची लग्नं झाली. कोल्बेअरची एक कल्पना अशीही होती की फ्रेंच आणि तिथले मूळ रहिवासी यांच्यात लग्नं व्हावीत आणि दोघांची मिळून एक प्रजा व्हावी. अर्थात ती प्रजा फ्रेंच आणि ख्रिस्ती असायला हवी होती. फ्रान्सहून मुली येऊ लागल्यावर त्या कल्पनेची गरज संपत गेली. म्हणजे या मुलींच्या येण्यानेच वसाहत पक्की झाली आणि मूळ लोकांची जमीन जाणं पक्कं झालं. मुलींना हे कळत होतं का? बहुधा नाही. त्यांना उपाशी न राहता जगायचं होतं. पण दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि वाचकाने दोन्ही एकत्र लक्षात ठेवाव्यात असं मला वाटतं.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटेल. तसा तो नाही. लग्नं लावून वसाहत पक्की करण्याच्या कल्पनेचा एक जुना नमुना आपल्या किनाऱ्यावरच घडला. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर आल्बुकर्कने आपल्या माणसांना इथल्याच बायकांशी लग्नं करायला लावली. पुढे सोळाव्या शतकाच्या मध्यापासून पोर्तुगालने लिस्बनहून अनाथ मुली गोव्याला पाठवायला सुरुवात केली. राजाच्या चाकरीत बाप मेलेल्या या मुलींना 'राजाच्या अनाथ मुली' म्हणत. एका वर्षी येणाऱ्या मुलींची संख्या लहान असे, पण प्रथा फार काळ चालली. त्यांचा हुंडा पैशात नसायचा. तो असायचा सरकारी पदाच्या रूपात. ठाण्याची किल्लेदारी, जकातीच्या नाक्यावरची कारकुनी, वखारीचा कारभार असं काहीतरी पद मुलीच्या नावाने लिहून दिलं जाई आणि जो तिच्याशी लग्न करेल त्याला ते मिळे. गोवा, चौल, वसई या ठाण्यांचा कारभार करणाऱ्या काही पोर्तुगीजांच्या हाती ते पद बायकोच्या पदराला बांधून आलं होतं. आज जुन्या गोव्यात सांता मोनिकाचा मठ पाहायला पर्यटक जातात. आर्चबिशप मेनेझिस यांनी तो १६०६ मध्ये उभा केला. मुली आणि त्यांचे हुंडे मठात गेल्याने लग्नाला मुली मिळत नाहीत, अशी तक्रार गोव्याच्या नगरसभेने केली होती. तिथेही हिशेब हुंड्याचाच.

मुंबई तर स्वतःच आंदणात गेली. १६६१ च्या तहात पोर्तुगालने राजकन्या कॅथरिनबरोबर ही बेटं इंग्लंडच्या राजाला दिली आणि त्याने १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीला सोपवली. कंपनीने लगेच लंडनहून काही इंग्रज मुली मुंबईला पाठवल्या, इथल्या तिच्या शिपायांनी आणि नोकरांनी त्यांच्याशी लग्नं करावीत म्हणून. त्यांना एक कपड्यांचा जोड आणि वर्षभराचं अन्न मिळायचं. खानदानी आणि इतर असे त्यांचे दोन वर्ग केले होते. काही वर्षांतच कंपनीच्या पत्रव्यवहारात त्यांच्या वागण्याबद्दल तक्रारी दिसू लागतात आणि शेवटी, सुधारल्या नाहीत तर कोंडून पाव-पाण्यावर ठेवा आणि इंग्लंडला परत धाडा, असा हुकूम येतो. क्वेबेकमध्ये मुली उतरत होत्या त्याच वर्षांतली ही गोष्ट आहे. मुंबईच्या किल्ल्यात त्यांच्यासाठी मार्गरीत बूर्झ्वा कुणी नव्हती.

इतर वसाहतींच्या कहाण्या या पुस्तकात थोडक्यात येतील. १६२१ मध्ये व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनला गेलेल्या ५७ मुलींसाठी नवऱ्याला दीडशे पौंड तंबाखू भरावी लागे. १७०४ मध्ये 'पेलिकन' जहाजातून लुइझियानाच्या मोबील गावी गेलेल्या मुली वाटेत हवानाला तापाने आजारी पडल्या. १८४८ ते १८५० मध्ये आयर्लंडच्या दुष्काळातल्या चार हजारांहून जास्त अनाथ मुली ऑस्ट्रेलियाला पाठवल्या गेल्या, त्यांच्याही हाती एक लाकडी पेटी होती, सहा शेमीज, सहा जोड मोजे, दोन झगे. पेटी प्रत्येक वेळी दिसते. जिला माहेर नाही तिला पेटी देऊन पाठवायचं, ही साम्राज्यांची रीतच झाली होती.

१६७३ मध्ये राजाच्या लेकींची शेवटची तुकडी गेली. फ्रान्स हॉलंडशी लढत होता आणि पैसा तिकडे लागत होता. एकूण ७३७ जणींनी तिथे लग्न केलं. १७६० मध्ये इंग्रजांनी वसाहत घेतली तोवर फ्रेंच बोलणारे सुमारे ७०,००० लोक तिथे झाले होते. आज क्वेबेकमधल्या बहुतेक जुन्या फ्रेंच घराण्यांच्या वंशावळीत यांतली एखादी तरी बाई सापडते. त्या भाषाही घेऊन गेल्या. पॅरिस आणि आसपासच्या इतक्या आया एकदम आल्यामुळे तिथली मुलं वेगवेगळ्या प्रांतांच्या बोलींऐवजी पॅरिसच्या वळणाची फ्रेंच बोलू लागली, असं भाषेचे अभ्यासक मानतात. त्यांनी दुखणंही नेलं. नजर जाण्याचा एक आजार फक्त आईकडून मुलांत उतरतो. क्वेबेकमध्ये तो कुणाकडून आला याचा शोध घेताना २००५ मध्ये संशोधक १६६९ साली क्वेबेक शहरात लग्न केलेल्या एका राजाच्या लेकीपर्यंत पोचले. तिला आपल्यात हे आहे हे कधीच कळलं नसणार.

तर त्या का गेल्या? माझं उत्तर या पुस्तकाच्या पानापानांत आहे, पण थोडक्यात सांगायचं तर घरी त्यांच्यासाठी कुणी हुंडा साठवलेला नव्हता आणि तिथे त्यांना विचारायला एक प्रश्न होता. तुझं घर आहे का, हा प्रश्न विचारता येण्यासाठी त्यांनी समुद्र ओलांडला. राजाचा हेतू वेगळा होता, त्यांचा वेगळा, आणि दोघांचा रस्ता काही वर्षं एकच होता.

या मुलींनी स्वतः लिहिलेलं जवळजवळ काही उरलेलं नाही. बहुतेकींना सही करता येत नव्हती. करारांच्या शेवटी नोटरीने तसं नोंदवलं आहे : हिला सही येत नाही असं हिने सांगितलं. त्या वाक्याखाली बाकीच्या साक्षीदारांच्या वळणदार सह्या आणि तिची जागा कोरी. म्हणून पुस्तकाच्या शेवटी मी त्यांची नावं दिली आहेत, जहाजाच्या वर्षाप्रमाणे. ती पानं उलटून पुढे जाऊ नये, एवढी वाचकांना विनंती आहे. मी ती सगळी एकदा मोठ्याने वाचली. पाऊण तास लागला.